देशाचं ऊर्जाधोरण आणि आमच्या घरचं शेण

श्री. रा. रा. आप्पासो पाव्हणे, मु. आष्टा, यांस माणमधून धनाजीचा रामराम. तुमचा गुडघा आता मांडी घालू देत असेल आणि वहिनींचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो. इकडं जनावरं ठीक आहेत. माझं पुढं लिहितो.

गेल्या पंधरवड्यात दिल्लीहून एक समिती आमच्या शाळेत आली होती. हवेतला धूर कमी करायचा, तर देशानं कोळसा सोडून कशावर भागवावं, हे त्यांना आमच्याकडून हवं होतं (दिल्लीत विचारून झालं असावं). भिंतीवर चार कागद होते: पवनचक्की, सौर वीज, उसाचं इथेनॉल आणि गोबरगॅस. ज्याला जे पसंत, त्या कागदावर त्यानं टिकली चिकटवायची. मी सतरा वर्षं पलटणीत काढलेली, म्हणून हिंदीचा दुभाषा मीच. हरिबाला पवनचक्की पसंत पडली, पण गुंडाच्या टेकावर. गुंडाला सौर वीज पटली, पण हरिबाच्या माळावर. इथेनॉलला मात्र सगळ्यांनी एकमतानं टिकल्या लावल्या, कारण ऊस तुमच्याकडं पिकतो.

मग साठ मेंढ्यांची मालकीण राहीबाई उठली. "आवं सायेब, माळावर काचा मांडल्यावर माजी मेंढरं कुटं चरायची? आन् तुमी दिल्लीत काय बंद करताय, त्ये बी सांगा की." मी मोठ्या साहेबांना हिंदीतून सांगितलं की बाई समितीचं स्वागत करते आहे. साहेब मराठीत म्हणाले, "हवालदार, मी सांगलीचा आहे." मग राहीबाईकडं वळले. "मावशी, चराईचं लिहून घेतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही." आणि तिचे दोन्ही प्रश्न तिच्याच शब्दांत त्यांनी लिहून घेतले.

माझी गेलेली अब्रू झाकायला मी तिथंच जाहीर केलं की सुरुवात माझ्या घरापासून. सिलिंडर बंद, गोबरगॅस चालू. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. घरी अंजनानं एवढंच विचारलं, "शेण कोण कालवणार?" मी तिला देशाची गरज समजावली (पाऊण तास). तिनं शांतपणे ऐकलं, पिशवी भरली आणि आष्ट्याची एसटी धरली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुमची बहीण तुमच्याच घरी आहे.

बाकी सगळं जिथल्या तिथं आहे.

तुमचा,
धनाजी

ता. क. टाकी झाली. चार दिवस रोज सकाळी शेण मी कालवतो. वास साबणानं जात नाही. गोठा इतकी वर्षं तिच्याकडं होता, पण हा वास कसा घालवते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. न्यायला येऊ का, तेवढं कळवा.

आणखी ता. क. पहिल्या ता. क.च्या वरचा मजकूर तिला वाचून दाखवू नका. तो तिनं ऐकलेला आहे.