सूर्याजवळचे चार दिवस

आबा, माझं काम बघायला तुम्ही एकदाच आला होतात. अंथुर्ण्याहून निघून, तीन एसट्या बदलून, फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि खर्डा बांधून. दुर्बीण म्हणजे भिंगं असणार असं तुम्हाला वाटलेलं. बाहेर उन्हात तर नुसत्या जाळीच्या भल्यामोठ्या थाळ्या. आत मी खुर्ची दिली, तरी तुम्ही भिंतीला टेकून खालीच बसलात. यंत्रातलं पेन कागदावर आपोआप रेघ ओढत होतं. मी सांगू लागते, सूर्यातून सतत एक वारा सुटलेला असतो, डोळ्यांना न दिसणारा. फार लांबून येणाऱ्या रेडिओलहरी त्यातून आल्या की थरथरतात, आणि त्या थरथरीवरून आम्ही ओळखतो, तो वारा कुठं दाट आहे, कुठं विरळ, किती वेगाचा. तुम्ही बराच वेळ रेघेकडे बघत राहता. शेती धरण्याआधी अर्धा जन्म मेंढरांमागं माळावर काढलेला माणूस. मग विचारता, "दुपारचं माळावर लांबचं झाड हलल्यावाणी दिसतं. झाड न्हाय हलत, मधली हवा तापल्याली असती. तसंच का हे?"

"व्हय आबा, तसंच."

"मग येवढं शिकून माळच बघतीस की गं," म्हणालात आणि हसलात. पुढं माझ्या सरांनाही मी हे तुमच्याच शब्दांत समजावलं.

पुढच्या वर्षी तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि दादानं तुम्हाला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. त्या रेडिओलहरी सोडणाऱ्या आकाशातल्या ज्या ठिपक्यावर आम्ही नजर ठेवून होतो, तो वर्षातून चारच दिवस सूर्याच्या अगदी जवळून जायचा, आणि नेमके तेच दिवस चालू होते. दादाचा फोन आला. तुम्हाला जरा बरं वाटत होतं, म्हणून त्यानं धरून फोनपाशी आणलं होतं. "कवा येतीस?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, चार दिवस आहेत आबा, हे गेले की वर्षभर थांबावं लागेल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. श्वास तेवढा ऐकू येत होता. मग दादाच म्हणाला, "ठेवतो."

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि बायका मला वाट करून देत होत्या. त्या दिवसांच्या नोंदी फार चांगल्या आल्या, आबा. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यांच्यावर उभं आहे.

मागच्या महिन्यात बारामतीच्या एका कॉलेजात माझा सत्कार झाला. नेहमी सांगते तेच तिथंही सांगितलं, की वडिलांनीच मला फोनवर बजावलं, काम सोडून येऊ नकोस. टाळ्या पडल्या. दादा पहिल्या रांगेत होता. तेव्हा तुमच्या कानाशी फोन त्यानंच धरला होता, तरी त्यानंही टाळ्या वाजवल्या आणि परतताना गाडीत त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. हे पत्र त्याला दाखवायचं धाडस मला नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाही. म्हणून लिहिते. त्या चार दिवसांत माझ्या जागी बसायला माझी मैत्रीण तयार होती. "जा तू, मी बघते," असं ती दोनदा म्हणाली. मीच नको म्हटलं.