पाहुण्यांचं कार्ड

ती. आईस,
इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी मजेत आहे. जेवणाची काळजी करू नकोस, हॉटेलातल्या वेटरला उपाशी कोण ठेवतं? तुझा गुडघा कसा आहे?

या शहरात बारा महिने टुरिस्टांची झुंबड असते. म्हणून इथं सगळीकडे दोन मेनूकार्डं असतात, गावातल्यांसाठी स्वस्त आणि पाहुण्यांसाठी महाग. आमच्याकडेही आहेत. चेहरा बघून कुठलं द्यायचं ते मी ठरवतो. आजवर कधी चुकलो नाही.

काल सुट्टी होती. रोज उरलंसुरलं खाऊन तोंडाची चव गेली होती, म्हणून मागच्या गल्लीतल्या साध्या खानावळीत गेलो. मालकानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांचं कार्ड पुढे टाकलं. मी त्याच्याच भाषेत म्हणालो, "अहो, मी इथलाच. दहा वर्षं झाली."

तो कौतुकानं हसला. "भाषा छान शिकलात हो!"

पाणी पिऊन उठलो. पोट तेवढ्यानंच भरलं.

एक सांगू? रागावू नकोस. मागच्या खेपेला तू माझ्यासाठी कपाटातलं पाहुण्यांचं ताट काढलं होतंस. या खेपेला माझी ती पोचे पडलेली थाळीच दे. टाकली नाहीस ना?

तुझा,
थोरला