जावयाच्या कॅप्सूल

३ नोव्हेंबर, सोमवार
आज भर सभेतून उठून पळावं लागलं! तांड्याचा नायक न्याय सांगता सांगता लघवीला धावतो — काय ही शोभा! आणि जाऊन तरी काय, थेंब थेंब. जावई राजकुमारनं विकायला आणलेल्या कॅप्सूल दिवाळीआधीपासून घेतोय. भोपळ्याच्या बिया, गोखरू आणि काय काय. फरक शून्य. परत येऊन बसलो तर त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मामाजी, आता बरं हाय ना?" जावयाला तांड्यासमोर मान खाली घालायला लावू? म्हणालो, "हो, फरक आहे."

५ नोव्हेंबर
नायक बोलला म्हणजे बोलला! भीमसिंग, देवसिंग, धरमसिंग — माझ्या वयाचे सगळे डब्या घेऊन गेले. ममताचा फोन. पोरगी खुशीत. "बाबा, तुमच्या शब्दानं यांचा धंदा उभा राह्यला!" आता कोणत्या तोंडानं सांगू?

९ नोव्हेंबर, रविवार
आमची म्हातारी मागे लागली आहे. "यवतमाळले डॉक्टरकडं चला न जी. कायले जीव जाळून राह्यले?" कसा जाऊ? बसस्टँडवर कोणीतरी बघणार, मी परतायच्या आत तांड्यात बातमी. नायकच दवाखान्यात, मग कॅप्सूल कशाच्या? पाणी कमी केलंय. चहा बंद. लग्नाची दोन आमंत्रणं टाळली. स्वतःच्याच एका शब्दात कोंडून बसलोय. वैताग आलाय!

१० नोव्हेंबर
बांधावर भीमसिंग भेटला. "लय फरक हाय, नायक!" म्हणे. मेला माझ्याच वयाचा, त्याला लागू पडतं आणि मलाच नाही! हेवा वाटला.

१४ नोव्हेंबर
भीमसिंगची लघवी तुंबली! पोट टम्म फुगलं, माणूस गडबडा लोळत होता. राजकुमारच्या गाडीतून यवतमाळला नेलं. नळी टाकली. डॉक्टर चिडले — इतके दिवस काय करत होता, किडनीवर आलंय. राजकुमार भिंतीला टेकून उभा. मला राहवलं नाही. त्याच्यासमोरच म्हणालो, "भीमसिंग, खरं सांगतो. मले त्या कॅप्सूलनं कधीच फरक पडला नाही."

१५ नोव्हेंबर
भीमसिंगनं काय उत्तर दिलं ते काल लिहायला हात धजला नाही. डोळे मिटूनच बोलला, "मले तरी कुठं पडला, नायक? देवसिंगले नाही, धरमसिंगले नाही. पण तुम्ही सभेत हो म्हणलं. तुमच्यापुढं नाही कोन म्हणन?"