माहिती कोणाकडून

सोमवार, ३ तारीख

नवी कादंबरी लिहायला आले एकदाची! खोली झकास आहे. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, टेबल खिडकीशी, आणि खुर्ची अशी की बसलं की उठावंसंच वाटू नये. खाली तीन दालनं भरून जुन्या घरगुती वस्तू: इस्त्र्या, कात्र्या, कुलपं, दात उपटायचे चिमटे, चांभाराचे बुटाला आकार द्यायचे लाकडी फर्मे. माझ्या पुस्तकांत खून होतो, पण कोणाची भूक मरत नाही. वाचक उशीला टेकून मजेत खुनी शोधतात. या वेळी हत्यार म्हणून मला एखादी अशी जुनी वस्तू हवी आहे, जिचा वापर आज कोणालाच ठाऊक नाही.

संग्रहपाल बाई साठीच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. हसल्या की डाव्या बाजूचे दोन दात नाहीत हे दिसतं, म्हणून की काय, फारशा हसत नाहीत. दुसरं माणूस म्हणजे पुसणारे काका. फडकं खांद्यावर टाकून लंगडत दिवसभर वस्तू पुसतात. आणि तिसरी मी, आगाऊ.

ताईला पोचल्याचा फोन केला. मी कुठे आहे, कशी आहे, यापेक्षा जेवले का हे तिला आधी हवं असतं. थोरली बहीण आहे, काय करणार! तिच्या शिवणयंत्राचा खडखडाट फोनमधूनही ऐकू येत होता. आयुष्यभर ती शिवत राहिली आणि मी लिहीत राहिले, असं सरळ आहे ते.

मंगळवार, ४ तारीख

इथे प्रत्येक वस्तूला एक कार्ड असतं. त्यावर चार रकाने: नाव, वापर, माहिती कोणाकडून, पडताळणी. सगळं शाईने. बाईंनी अभिमानाने सांगितलं की तीस वर्षांत एकाही कार्डावर खाडाखोड झालेली नाही. मी म्हटलं, आमच्याकडे पानभर खाडाखोड केल्याशिवाय एक वाक्य धड उभं राहत नाही. त्या हसल्या नाहीत.

दुपारी मला माझं हत्यार सापडलं. दोनशे बारा नंबर. दोन पितळी पट्ट्या, एका टोकाला बिजागरी, मध्ये ओळीने तीन भोकं आणि दुसऱ्या टोकाला आवळायचा स्क्रू. वापराच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘अज्ञात’. बाकीचे रकाने कोरे. बाईंना हा एकच शब्द तीस वर्षं खातोय, असं काका म्हणाले. मी मात्र बेहद्द खूश.

बुधवार, ५ तारीख

आज जरा चावटपणा केला. बाई दुसऱ्या दालनात होत्या, कार्ड समोर, दौत-टाक शेजारी. हात शिवशिवले. कादंबरीतलं वाक्य खऱ्या कार्डावर कसं दिसतं ते बघावं म्हणून ‘अज्ञात’च्या पुढे लिहिलं: ‘खोटी माहिती देणाऱ्याची तीन बोटं यात घालून रोज एक फेरा आवळत. मुदत सात दिवस.’ काय फक्कड दिसलं! मग पुढचा रकाना कोरा बरा दिसेना, म्हणून माहिती कोणाकडून या ठिकाणी ताईला बसवलं, पत्ता आणि फोन नंबरासकट. ताईचा उपयोग कुठे होईल सांगता येत नाही.

गुरुवार, ६ तारीख

बाई आज झापणार, या तयारीने खाली गेले. त्या रडत होत्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी तीस वर्षांचं कोडं सुटलं म्हणून दहा वेळा आभार मानले. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतक्या कडक बाईने आपलं इतकं कौतुक करावं, हे मला सोडवेना. 

खात्री करायला त्यांनी ताईला फोन लावलाच. ताईने क्षणात सांगितलं की हो, मीच सांगितलं होतं. लहानपणी शाळेत मी दौत सांडली तेव्हाही ताईनेच पुढे होऊन पट्ट्या खाल्ल्या होत्या. नंतर मला फोन करून खूप हसली आणि आता कसला उपद्व्याप केलायस म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुला कादंबरीत घातलंय.

शनिवार, ८ तारीख

पडताळणीचा रकाना आज नीट वाचला. आधी का वाचला नव्हता कोण जाणे. दात उपटायच्या चिमट्याच्या कार्डावर लिहिलंय: ‘केली. स्वतःवर. दोनदा.’ खाली बाईंची सही. केस कुरळे करायच्या लोखंडी चिमट्यावर: ‘केली. तापवून. कातडी सुटते.’ कोणाची, ते लिहिलेलं नाही.

मी हसले, मग हसू ओसरलं. अजून दोन दिवस राहून निघते.

रविवार, ९ तारीख

काकांनी बिंग फोडलं. ते पूर्वी मेणबत्त्यांच्या कारखान्यात होते. आज दोनशे बारा पुसताना सहज म्हणाले की ही तर वाती ताणून धरायची पट्टी आहे, तीन भोकं तीन वातींची. बाईंनी त्यांना दोनदा विचारलं. काकांनी दोनदा तेच सांगितलं. मला हायसं वाटलं, कार्ड बदलतील आणि विषय मिटेल.

बाई शांतपणे म्हणाल्या की कार्ड बदलत नाहीत. लिहिलेलं खोटं ठरलं तर वस्तू तशी वापरायची, म्हणजे ते खरं होतं.

त्या गेल्यावर काकांनी बूट काढून दाखवला. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एका फर्म्याची चुकीची माहिती दिली होती. त्या पावलाला आता पाऊल म्हणवत नाही. मी विचारलं, पळून का नाही गेलात?  त्यांनी त्या पायाकडे बोट दाखवलं.

बाहेरच्या दाराला कुलूप आहे, आणि टेबलावरचा माझा फोन नाहीसा झालाय.

सोमवार, १० तारीख

बाई चहा घेऊन आल्या. आवाज अगदी मऊ. कार्डाप्रमाणे खोटी माहिती देणाऱ्याची बोटं लागतील, म्हणाल्या. कार्डावर ताई आहे. पण माहिती दुसऱ्या कोणाची असेल तर मी आत्ताच सांगावं. आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. लिहिणाऱ्या.

मी बोलले. वाटलं होतं, माझ्या तोंडून खरं निघेल.

मी म्हटलं, ताईकडून.

मंगळवार, ११ तारीख

फोन बाईंनी धरला होता माझ्या कानाशी. एक शब्द पुरला असता. येऊ नकोस. एवढाच.

मी म्हटलं, ये ना, फार छान जागा आहे.

ती किती खूश झाली. शिवायचं काम बाजूला ठेवून येते म्हणाली. तिची बोटं — नाही, लिहीत नाही. मी वाईट आहे. मला माझी बोटं हवीत. एवढंच खरं आहे, बाकी सगळं —

बुधवार, १२ तारीख

ताई आली. सकाळी. मला मिठी मारली, वाळलीस म्हणाली.

काका दुसऱ्या दालनात गेले. दार लावून घेतलं त्यांनी.

पडताळणी होत असतानाच लिहिली पाहिजे, म्हणून ही वही बाईंनी समोर ठेवलीय. डाव्या हाताने लिहितेय. उजवा स्क्रूवर. ज्याने कार्ड लिहिलं त्यानेच आवळायचं —

ताईला वाटतंय फोटो काढणार आहेत. बोटं स्वतःच घातली. अगदी मापाची आहेत बघ, म्हणाली.

बाईंनी विचारलं, माहिती कोणाकडून? ताईने मला डोळा मारला. “माझ्याकडूनच. हिला कुठलं एवढं सुचतं!”

अजूनही सांगता येईल. अजूनही —

पाव फेरा. “हळू गं, वेडे.” हसतेय.

अर्धा.

बाई म्हणतात, थांबू नका. मी थांबत नाहीये. हात थांबत नाहीये —

ताई हसायची थांबली. माझ्याकडे बघतेय. तिला कळ—