दारावरच्या लाल पट्ट्या

माझ्या आईला, शाओशिंगहून तुझ्या भटक्या जुनचा नमस्कार.

दोन महिने पत्र टाळलं, कारण कारखान्यातलं काम सोडल्याचं कसं सांगावं ते कळेना. पण उपाशी नाही. सकाळी नूडल्सच्या दुकानात भांडी घासतो, दुपारी शेन आजींकडे कुंचल्यानं लिहायला शिकतो.

महिनाभर नुसती आडवी रेघ चालू आहे. आजी म्हणतात, "ही रेघ आहे का मेलेलं गांडूळ?" मग गुपचूप मागून येऊन कुंचला ओढतात. पकड ढिली असली की तळहात काळा. माझा रोज होतो. त्यांची पांढरी मांजरही आता काळी झालीय, पण ते असो.

बाबांचा हात अजून थरथरतो का? गेल्या नववर्षाला त्यांच्या हातच्या शुभेच्छांऐवजी आपण दारावर छापील लाल पट्ट्या लावल्या, तर ते चार दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते. यंदा त्या मी लिहीन म्हणतो. त्यांना सांगू नकोस. ताईला ठाऊक आहे, पण तिलाही बजावलंय.

तुझा खोकला कसा

आई, आत्ताच मागून कुणीतरी कुंचला ओढला. सुटला नाही. आजी समजून हसत वळलो, तर काखेत लाल कागदाची गुंडाळी घेऊन बाबा. म्हणतात, "पकड ठीक आहे. आता रेघ दाखव."

तुझा जुन