पटावरची फुलपाखरं

१ मार्च १९८३, रेणापूर

आज सामान लागलं. लातूर जिल्हा झाला तसं तिथं घर मिळेना, म्हणून कचेरीत लागलेल्या थोरल्या मुलाने माझं आणि चांगुणाचं, आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं, बिऱ्हाड इथं मांडून दिलं. तो रविवारी येऊन जाणार. जागा हवेशीर आहे, मन प्रसन्न झालं. परसात पाण्यावाचून हिरवीगार उभी असलेली रुई, पानांमागे मोहरीएवढी अंडी, दोन-चार जाड अळ्यासुद्धा! उमरीकडच्या शाळेतला कवितेचा तास आठवला. खिडकीतून फुलपाखरू आत यायचं आणि चाळीस पोरांचा सूर एकदम वाकडा व्हायचा. भांडी विसळलेलं पाणी सदाफुलीला आणि झेंडूला घालायचं ठरवलं. चांगुणा म्हणाली, माणसांना टँकर न्हाई अन् तुम्ही पाखरांची पंगत मांडून राहिलात. पण बादली तिनेच आणून दिली.

६ मार्च

कोनाड्यात एक जुना हजेरीपट सापडला. पुढची पानं फाडलेली, मागची कोरी. घरमालकीण नीलाबाई म्हणाल्या, तुमच्या आधी बी मास्तरच ऱ्हायचे, लई शांत माणूस. सकाळी पट उघडून नावं पुकारायचे, पर समोर पोरगं एक न्हाई. ते कुठे गेले, विचारलं. बाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि शेळीला हाका मारत निघून गेल्या.

पट वाया कशाला घालवायचा? अळ्या बरण्यांत ठेवल्या आहेत. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, जणू सणाचे सदरे घातलेली पहिलीची पोरं. त्यांना माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं दिली: नरसिंग, ग्यानोबा, रेवणप्पा. रोज सकाळी हजेरी. मी नाव पुकारतो आणि चुलीपाशी बसलेली चांगुणा प्रत्येकाच्या वतीने ओरडते, हजर हाय, गुरुजी! कधी घोगऱ्या आवाजात, कधी किनऱ्या. फार हसतो आम्ही.

१८ मार्च

नरसिंग आज सकाळी कोषातून निघाला. केशरी पंख, कडेला काळी किनार, तिच्यावर पांढरे ठिपके. तासभर पंख वाळवले आणि झेंडूवरून उडून गेला. शाळेच्या शिरस्त्याप्रमाणे तांबड्या शाईने लिहिलं, 'नाव कमी केले.' ग्यानोबाची अळी दुपारी मुंग्यांनी नेली. त्याचंही नाव कमी केलं. वाईट वाटलं.

२० मार्च

साऱ्या गावाला अक्षरं शिकवली, घरातलं माणूस तेवढं राहून गेलं. इथं आल्यापासून चांगुणाकडून पाटीवर गिरवून घेतोय. आज ती म्हणाली, पोरांची नावं घालता, माझं बी घाला की पटावर. मग शेवटच्या अळीपुढे तिनेच पेन्सिलीने लिहिलं: 'चागुणा'. अनुस्वार विसरली. माझे डोळे भरून आले होते, दुरुस्त केला नाही.

२६ मार्च

शाळेतले माझे जुने सोबती हणमंतराव, त्यांचं कार्ड आलं. नरसिंग गेला. अठरा तारखेला सकाळी, धडधाकट माणूस, बसल्या जागी. आणि ग्यानोबा त्याच दुपारी, विहिरीतला गाळ काढताना.

पट काढून तारखा पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.

चांगुणाला काही सांगितलं नाही.

२८ मार्च

रेवणप्पा निघाला. खिडक्या लावल्या होत्या. कौलाच्या फटीतून गेला. मी पटात काही लिहिलं नाही, दौतीला हात लावला नाही. तरी त्याच्या नावापुढे तांबडी शाई— आणि अक्षर माझंच.

दुपारी उमरीहून तार आली. उघडली नाही.

पट जाळावा तर? पान फाडलं म्हणजेही नाव कमीच. आधीच्या मास्तरांनी पानं फाडली होती.

३० मार्च

तिचा कोष काळपट होऊ लागला. आतून केशरी दिसतं.

अनुस्वार नाही. 'चागुणा' नावाचं माणूस या घरात नाही, जगात नाही. दिवसभर हेच घोकतोय.

चांगुणा म्हणाली, अंग लई हलकं लागून राहिलंय. वाऱ्यानं उडंल असं.

३१ मार्च, संध्याकाळ

एका टिंबावर भरवसा ठेवायचा धीर होत नाही. रबराने तिचं नाव खोडलं. त्या जागी माझं लिहिलं: शेषेराव. आता बरं वाटतंय. अडुसष्ट वर्षं पुष्कळ झाली.

खोडलेलं तिने पाहिलं. तोंड उतरलं. का खोडलं, म्हणाली. खरं काय सांगणार? चूक होती, म्हणालो. कोणती? अनुस्वार राहिला होता, म्हणालो. 'चा'च्या डोक्यावर टिंब, एवढंच.

पाटी घेऊन बसली आहे.

१ एप्रिल, सकाळ

कोष उकलला. अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. पट उघडला—

माझं नाव नाही. खोडलंय. त्या जागी टपोरं, शाईने, न चुकता— चांगुणा. टिंब कुंकवाएवढं.

ती हसतेय. म्हणाली, दुरुस्त केलं, गुरुजी. आता तरी पास का? अन् माझ्या जागेवर कोण्या पोराला बसवलं व्हतं? ते नाव मला वाचता न्हाई आलं.

पंख अजून ओले आहेत. वेळ आहे—

कंदिलाची काच ठेवली त्याच्यावर. आत फडफडतंय—

ती चुलीपाशी गेली. मी हजेरी घेऊन राहिलोय. चांगुणा. हजर हाय, गुरुजी. चांगुणा. हजर हाय. चांगुणा. अहो किती डाव, म्हणाली, पण हजर—

काच रिकामी. कंदिलाची काच वरूनही उघडी असते हे मला—

चांगुणा.

चहा उतू जातोय, आवाज येतोय—

चांगुणा—

चांगु