आणखी एका ठिकाणी

चिरंजीव मेहुणेबुवांना (वयाने लहान म्हणून चिरंजीव, आणि संगणक मोठा म्हणून बुवा) भाऊजींचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला विशेष कारण काही नाही. तुझी तब्येत उत्तम असणारच. तुझी गुडघेदुखी गेली, वजन उतरलं, आणि या वयातही डोक्यावरचे सगळे केस जागच्या जागी आहेत, हे तुझी ताई मला आठवड्यातून दोनदा तरी सांगते (त्यातून एकदा माझ्या डोक्याकडे बघून). मी बरा आहे. रक्तदाब थोडा वाढलाय, पण त्याचा आणि तुझा काही संबंध नाही असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. डॉक्टर तुला ओळखत नाहीत.

तुला ग्रंथालयाच्या कामाला मी लावलं, हे तू विसरला नसशील. पुस्तकाची नोंद कशी करायची, उंची मोजताना पट्टी कुठे टेकवायची, अर्धा सेंटिमीटर जास्त निघाला तर पूर्ण का धरायचा, हे सगळं तू माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून शिकलास. आता आपल्या पाच ग्रंथालयांचा एकत्र शोध सुरू झाला आणि त्या टेबलाची शान गेली. वाचकाने एका चौकटीत पुस्तकाचं नाव टाकायचं, शोधाने पाचही ग्रंथालयांना एकाच वेळी विचारायचं, आणि जो आधी उत्तर देईल त्याचं नाव वर. पाचांपैकी तीन शाळांची आहेत, त्यांच्याकडे गोष्टींची पुस्तकं आणि नकाशे, तेव्हा उरलो तू आणि मी. तुझा नवा संगणक वाचकाचं बोट बटणावरून उठायच्या आत ‘आहे’ म्हणून मोकळा होतो. आमचा विचारी आहे. तोही ‘आहे’च म्हणतो, पण तोवर वाचक चष्मा पुसून घेतो.

तेवढ्याने भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण एकच पुस्तक दोघांकडे असलं की हा शहाणा शोध दोन ओळींची एक ओळ करतो. वर ठळक अक्षरात तुझ्या ग्रंथालयाचं नाव, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘आणखी एका ठिकाणी उपलब्ध’. ते आणखी एक ठिकाण म्हणजे मी. एकोणतीस वर्षं ज्या कपाटांची धूळ खाल्ली, ज्या पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून रविवारीसुद्धा येऊन दारं उघडली, त्या सगळ्याला मिळून नावसुद्धा नाही. परवा तुझ्या ताईने घरबसल्या पुस्तक शोधलं आणि तुझ्याकडे मागणी नोंदवली. तेच पुस्तक माझ्या खुर्चीच्या मागे, हात लांब केला की लागेल असं उभं होतं. विचारलं तर म्हणाली, “तिथे त्याचंच नाव होतं.” जेवण गेलं नाही मला.

मग मी एक गोष्ट केली. तू शहाणा आहेस, तुझ्या लक्षात आलीच असेल. नाव, लेखक, वर्ष, पानं आणि उंची, सगळं जुळलं तरच शोध दोन नोंदी एकत्र करतो. नाव आणि लेखक बदलायला मी काही बदमाश नाही. उंची मात्र मी प्रत्येक पुस्तकाची एक सेंटिमीटरने वाढवली. मनाची समजूत अशी घातली की, आमची बरीच पुस्तकं नव्याने बांधून घेतलेली आहेत, बांधणीत वाढली असतील. (आमच्या बाइंडरला सहज विचारलं, तर तो म्हणाला, “साहेब, बांधताना कडा कापतात. पुस्तक कमी होतं, वाढत नाही.” त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.) पण गुण आला. ओळी सुट्या झाल्या. तुझ्या खाली का होईना, माझं नाव पूर्ण दिसू लागलं, आणि मी पंधरा दिवस घरात गाणं म्हणत होतो.

सोळाव्या दिवशी एक निवृत्त मोजणी अधिकारी आले. जन्मभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजलेला माणूस. त्यांना एकाच पुस्तकाच्या दोन ओळी दिसल्या, एक बावीसची, एक तेवीसची. मोठ्या आवृत्तीत काहीतरी जास्तीचं असणार म्हणून त्यांनी तुझी प्रत आधी आणली, मग माझी घेतली, दोन्ही टेबलावर शेजारी उभ्या केल्या आणि खिशातून स्वतःची पट्टी काढली. पुढचं मी लिहीत नाही. त्यांनी सूचनावहीत आकृती काढली आणि तिची नक्कल एकत्र शोधाच्या समितीला पाठवली.

सगळ्या उंच्या मी आता पुन्हा खऱ्या केल्या आहेत आणि पुन्हा ‘आणखी एका ठिकाणी’ जाऊन बसलो आहे. पण समिती येत्या गुरुवारी अकराला पाहणीला येते आहे, आम्हाला शोधात ठेवायचं की काढायचं ते ठरवायला. समोर बसून पुस्तकं शोधून बघणार. प्रत्येक ओळीवर तुझंच नाव दिसलं तर विचारतील, हे ग्रंथालय हवं कशाला? आमचे अध्यक्ष तर आधीपासून म्हणताहेत की वर्तमानपत्रांची एक खोली ठेवली तरी पुरे. वर्तमानपत्रांच्या खोलीला ग्रंथपाल लागत नाही, कुलूप लागतं. मला तुझा हेवा वाटतो, लिहूनच टाकतो. आणि भीतीही वाटते.

तरी एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. गेले सात सोमवार अकरा ते साडेअकरा आमचं ग्रंथालय पहिलं येतं. तू कुठेच नसतोस. मी संगणक खिडकीपासून हलवला, मागची जाळी जुन्या दाढीच्या ब्रशने साफ केली, त्याचा हा परिणाम आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या चौघांना मी दर सोमवारी उठवून पडद्यापुढे उभं करतो. त्या अर्ध्या तासात तुला काय वाटत असेल या विचाराने मला वाईट वाटतं (वाटत नाही). घरी सांगितलं तर तुझी ताई “हो का” म्हणाली आणि चहा पीत राहिली. कौतुक करायलाही मन मोठं लागतं. समितीला मी सोमवारच मागितला होता, पण त्यांना सवड नाही.

असो. मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
भाऊजी

ता. क. गुरुवारी अकरा ते बारा तुझा संगणक बंद ठेवता येईल का? वायर पायात अडकते, असं होतं कधीकधी. एकच तास.

ता. क. पत्र ताईला शुद्धलेखन बघायला दिलं होतं. वाचून म्हणाली, “एवढी पानं कशाला भरलीत? सोमवारी करतो तेच गुरुवारी कर म्हणावं.” मी विचारलं, सोमवारी काय करतो? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तशीच राहिली. मग सांगितलं सगळं. तक्रार झाल्यापासून मी नीट जेवत नव्हतो म्हणून तिने तुला फोन केला, आणि तेव्हापासून दर सोमवारी अकराला तू प्लग काढतोस, आणि तुझे वाचक अर्धा तास बाकावर बसून राहतात. म्हणजे ज्याच्याबद्दल तुला माझा हेवा वाटावा असं एकच काही माझ्याजवळ होतं, तेही तूच दिलेलं. दाढीचा ब्रश परत कपाटात ठेवला.

ता. क. सोमवारी यापुढे संगणक चालू ठेव. वाचकांना ताटकळत ठेवायला मी तुला शिकवलेलं नाही. गुरुवारचं तेवढं विसरू नकोस.